हार घालायला कोण येतं?

भायखळ्याला उड्डाणपुलांच्या बेचक्यात एक पारशी गृहस्थ गेली दीडशे वर्षं उभे आहेत. अंगात पायघोळ डगला, डोक्यावर पगडी आणि पायाखाली इतका उंच खांब, की पुलावरून जाणाऱ्या टॅक्सीतल्या माणसाची आणि त्यांची जवळजवळ नजरानजर व्हावी. खाली चौथऱ्याशी दिवे धरलेल्या चार जलपऱ्या. हे शेठ कर्सेटजी माणेकजी. त्यांचे धाकटे चिरंजीव माणेकजी कर्सेटजी यांनी वडिलांची आठवण म्हणून १८६०च्या दशकात हा पुतळा जॉन बेल या इंग्रज शिल्पकाराकडून करून घेतला आणि कोलब्रुकडेलच्या प्रसिद्ध कारखान्यात त्याचं ओतकाम झालं. माणेकजी स्वतः न्यायाधीश होते, आणि मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा काढली, तीही समाजाचा विरोध पत्करून.

भायखळ्यात यातलं काही कोणाला विचारू नये. बाप कोण, लेक कोण, शाळा कुठली, या भानगडीत शहर पडलंच नाही. त्याने उभ्या माणसाला ‘खडा पारशी’ म्हटलं आणि पत्ता सांगायला वापरायला घेतलं. मध्यंतरी जलपऱ्यांच्या हातातले दिवे गेले, चौथऱ्याला गंज चढला, दोन्ही अंगांनी पूल आले. २०१४ मध्ये महापालिकेने दुरुस्ती करून पुतळ्याला पुन्हा रंगरूप दिलं. तरीही शेठजींच्या गळ्यात कोणी हार घातल्याचं दृश्य दुर्मीळच. तिथे चढायलाही अग्निशमन दलाची शिडी लागेल म्हणा.

मुंबईतल्या स्मारकांची पाहणी करायची तर कोणी बांधलं, किती खर्च आला, उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं हे प्रश्न सोपे आहेत. त्यांची उत्तरं दगडावरच कोरलेली असतात. अवघड प्रश्न एवढाच: वर्षातून एकदा तरी इथे हार घालायला कोण येतं? शहरातल्या पुतळ्यांची, स्तंभांची, कारंज्यांची खरी प्रतवारी या प्रश्नावर होते, आणि ती पुरातत्त्वाच्या प्रतवारीशी बिलकूल जुळत नाही.

राजाराण्यांपासूनच सुरुवात करू. सातवा एडवर्ड युवराज असताना १८७५-७६ साली हिंदुस्थानात आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून बगदादी ज्यू व्यापारी अल्बर्ट ससून यांनी शहराला त्याचा अश्वारूढ पुतळा भेट दिला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. लोकांना त्यातला घोडा तेवढा दिसला. ब्राँझ काळवंडलेलं, म्हणून काळा घोडा. १९६५ साली इंग्रजी अमदानीतले पुतळे हलवले गेले तेव्हा राजा घोड्यासकट राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, रवाना झाला. नाव मात्र जागचं हललं नाही. पन्नास वर्षं त्या चौकात काळा तर सोडाच, कुठल्याच रंगाचा घोडा नव्हता, आणि तरी सगळे ‘काळा घोड्याला भेटू’ म्हणत होते. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला गेला. त्याच्या पाठीवर कोणीच नाही. पुतळ्यातून राजा वजा करून लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच केलेला हिशेब शिल्पकाराने मान्य केला, एवढाच त्याचा अर्थ.

राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात याच पंगतीतले बाकीचे आहेत. कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी हौसेने करवून घेतलेली संगमरवरी व्हिक्टोरिया. १८७२ साली बसवलेल्या या पुतळ्याला १८९६ मध्ये कोणीतरी डांबर फासलं आणि चपलांची माळ घातली; आपणच ते केलं असं दामोदर चापेकरांनी पुढे आपल्या जबानीवजा आत्मवृत्तात लिहून ठेवलं. राणीच्या गळ्यात लोकांनी आपणहून घातलेला बहुधा हा एकच हार. आता झाडांच्या सावलीत ती शांत बसून असते आणि शाळेच्या सहलीची मुलं तिच्यासमोर डबे सोडतात.

व्यापाऱ्यांचा व्यवहार जास्त शहाणपणाचा होता. त्यांनी आपल्या माणसांच्या नावाने पाणी सोडलं.

१८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. त्यानंतरच्या काही दशकांत गुजराती, कच्छी, भाटिया आणि पारशी घराण्यांनी नाक्यानाक्यांवर दगडी पाणपोया बांधल्या. मुंबईकर त्यांना प्याऊ म्हणतात. सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी तर एकट्याने चाळीस पाणपोया दिल्या, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातही एक बांधून दिली. ती अजून तिथे आहे. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नाईक यांचा प्याऊ १८७६ सालचा. खाली पाणी, वर घड्याळ. हमालाला तहान लागली तर पाणी आणि व्यापाऱ्याला वेळ पाहायची तर घड्याळ, अशी दुहेरी सोय. त्या काळी मनगटावर घड्याळ नव्हतं आणि बाजारातली अर्धी भांडणं वेळेवरूनच व्हायची.

यातला सगळ्यात देखणा प्याऊ फोर्टात मिंट रोडच्या टोकाला आहे. मुळजी जेठा हे कापडबाजारातलं मोठं नाव. त्या घराण्यातल्या रतनसी मुळजींचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी बांधलेल्या या कारंजाचा आराखडा केला एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी, म्हणजे ज्यांनी व्हीटी स्टेशन आणि महापालिकेची इमारत उभी केली त्यांनी. शिल्पकामाची बाजू जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी सांभाळली. १८९४ मध्ये ते पुरं झालं. मान वर करून पाहिलं तर घुमटाच्या शेंड्यावर एक मुलगा बसलेला दिसतो. हातात पुस्तक. खालून कर्कश हॉर्न वाजवत बस जातात, बंदरावरून ट्रक येतात, आणि तो वाचतोय. पोरगं शाळकरी होतं, एवढी एकच गोष्ट बापाने शहराला सांगितली. पैसा, पदव्या, घराणं यांतलं काही वर चढवलं नाही. मुंबईतल्या साऱ्या पुतळ्यांत कोणाकडेच न बघणारा असा हा बहुधा एकटाच.

या प्याऊंची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. माणसांसाठी छातीच्या उंचीवर तोट्या. आणि त्याखाली, जमिनीलगत, दगडी हौद. वरून सांडलेलं पाणी हौदात जायचं आणि ते बैलगाडीच्या बैलांना, घोड्यांना मिळायचं. जीवदया मानणाऱ्या घराण्यांचं पुण्य त्या सांडपाण्यातही होतं. पुढे बैल गेले, घोडागाड्या गेल्या, हौदांत कचरा साठला. मग नळजोडण्या तुटल्या आणि तोट्याही चोरीला गेल्या. बाटलीबंद पाण्याने राहिलेलं काम केलं. अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत राहुल चेंबूरकर यांच्यासारख्या संवर्धन वास्तुविशारदांनी पालिकेच्या मदतीने यांतले बरेच प्याऊ घासूनपुसून पुन्हा चालू केले. मुळजी जेठा कारंजालाही २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दाद मिळाली. पण खरं सांगायचं तर प्याऊ जिवंत आहे की नाही हे मानपत्रावर ठरत नाही. दुपारी दोन वाजता कुरिअरचा पोऱ्या तिथे बाटली भरतो की नाही, यावर ठरतं.

मिंट रोडवरून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की फ्लोरा फाउंटन. १८६४ सालचं हे कारंजं राणीच्या बागेत बसायचं होतं. जुन्या किल्ल्याचा चर्चगेट पाडला गेला आणि ते त्या जागी आलं. त्यासाठीही कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी शेठजींनी वीस हजार रुपये घातले होते. नाव द्यायचं होतं गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. राहिलं मात्र वर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेचं. शोभेचं कारंजं, गावकऱ्यांना त्याचं सुख ना दुःख.

२१ नोव्हेंबर १९५५ या दिवशी त्याच्या अवतीभवती गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी गिरणगावातून कामगारांचा लोंढा फोर्टाकडे आला होता आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने पोलिसांना बंदुका दिल्या होत्या. त्या दिवशी आणि पुढच्या आंदोलनात गेलेल्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ अशी सांगितली जाते. मराठी माणसाच्या तोंडी १०६ बसलेली आहे. राज्य झाल्यावर या जागेचं नाव हुतात्मा चौक झालं आणि कारंजाच्या शेजारी मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार उभे राहिले. इथे हार घालायला कोण येतं, याचं उत्तर सगळ्या पक्षांना ठाऊक आहे. १ मेला आणि २१ नोव्हेंबरला रांग लागते. मुख्यमंत्री कुठल्याही रंगाचे असोत, त्या रांगेत यावंच लागतं. शिल्प म्हणून फ्लोराच्या कारंजाची सर मशालवाल्यांना नाही, हे कबूल करायला हरकत नाही. पण फ्लोराकडे पर्यटक येतात आणि इकडे वारस येतात, हा फरक शिल्पकलेच्या पुस्तकात मावत नाही.

सरकारी रांगेची गरजच न पडणारी स्मारकंही शहरात शेकड्याने आहेत, आणि बहुतेक मुंबईकर त्यांच्या जवळून रोज जातात. गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत, वांद्र्याच्या रानवर, चुईम, पाली या गावठाणांत कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस उभे आहेत. पांढरा किंवा निळसर रंग दिलेले, चौथऱ्यावर कोण्या घराण्याचं नाव आणि साल. ही सालं वाचत गेलं तर १८९६च्या पुढची बरीच सापडतात. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. ईस्ट इंडियन म्हणवणारे, घरात मराठी बोलणारे इथले मूळचे कॅथलिक पाखाडीपाखाडीतून मरत होते. वाचलेल्यांनी वेशीवर क्रूस उभारला, कुठे नवस म्हणून, कुठे आभार म्हणून. अजूनही मे महिन्यात संध्याकाळी या क्रुसांपुढे शेजारीपाजारी जमतात, रोझरी म्हणतात, आणि प्रार्थना आटोपली की उकडलेले चणे वाटले जातात. झेंडूच्या माळा तर बारा महिने. त्या बांधणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही असतात. २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा शंभरी ओलांडलेला एक क्रूस अनधिकृत धार्मिक बांधकाम म्हणून पाडला गेला, तेव्हा समाज खवळून उठला. कोणत्याही यादीत नसलेलं स्मारक पडलं की ते कोणाचं आहे ते असं कळतं.

प्लेग ओळखणारा डॉक्टर मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. डॉ. अकासिओ व्हिएगस, जन्म गोव्यातल्या हडफड्याचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तपासलेल्या रोग्यांवरून हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि व्यापार बसेल या भीतीने ते ऐकायची अनेकांची तयारी नव्हती. पुढे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाचा हा परिसर एके काळी गोवेकरांचाच. तिथल्या जेर महाल इमारतीत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ आहेत: एका खोलीत गावच्या संताची वेदी, भिंतीशी ट्रंका आणि बोटीवर नोकरी लागेपर्यंत थांबलेले खलाशी. डॉक्टरांचा पुतळा त्यांच्या दारातच आहे म्हणायला हरकत नाही. करोनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली, चार लेख आले, आणि पुन्हा सिग्नल हिरवा झाला.

त्याच साथीने नारायण मेघाजी लोखंडेंना नेलं. सत्यशोधक लोखंडेंनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि चिकाटीने झगडून १० जून १८९० रोजी मालकांकडून रविवारची सुटी मान्य करून घेतली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना फेब्रुवारी १८९७ मध्ये ते गेले. शहरात त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, पण दर रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्या मुंबईकराला ते नाव विचारून बघावं.

रेल्वेच्या पाटीवरही एक स्मारक दडलेलं आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांपैकी, कंपनीच्या फौजेत अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्याची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मांडवीजवळ सिनेगॉग बांधलं. शेजारच्या लोकांनी त्याला मशीदच म्हटलं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव या यहुदी ‘मशिदी’वरून पडलं असं मानतात. हार्बर लाइनचे लाखो प्रवासी रोज त्याची उद्घोषणा ऐकतात.

मशीद स्टेशनाच्या पूर्वेला गोदी. १४ एप्रिल १९४४च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. एकाच बोटीत कापूस आणि स्फोटकं भरण्याचा शहाणपणा युद्धकाळात कोणी केला हा प्रश्न चौकशीपुढेही आला. आग विझवायला बंब पोचले, माणसं डेकवर चढली, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. गोदीलगतची वस्ती उद्ध्वस्त झाली, सोन्याची वीट दूरच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. मेलेल्या शेकडोंत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. दर १४ एप्रिलला तिथे संचलन होतं, पुष्पचक्र वाहिलं जातं, आणि साऱ्या देशात त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. तिथे सलामी देणारा प्रत्येक जण त्याच नोकरीत असतो. २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, तेव्हा त्या सलामीला नवा अर्थ शोधावा लागला नाही.

खलाशांच्या नशिबी एवढंही नाही. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावं पुस्तकरूपात ठेवलेली आहेत; तशीच एक प्रत बांगलादेशात चितगावला आहे. कारण ही माणसं रत्नागिरीकडच्या खाड्यांतली होती तशी सिल्हेटची होती, गोव्याची होती. भट्टीत कोळसा लोटणारे, बोट बुडताना सगळ्यात खाली असणारे. त्यांच्या घरच्यांना थडगं नाही, तारीखही अंदाजाची. इथपर्यंत येणार कोण? कुलाब्यात १९४६च्या नाविकांच्या उठावाचं स्मारक आहे, त्यालाही २००१ साल उजाडावं लागलं.

गिरणी कामगारांचं काय? १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी तेवढी ठेवली आहे. तिच्या पायथ्याशी कॉफी मिळते. चिमणी मूळची धूर सोडण्यासाठी होती, आठवणीसाठी नव्हे, पण मुंबईत कामगारांचं सर्वांत उंच स्मारक आज तेच. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने चाललेलं आहे. बाबू गेनू या गिरणी कामगाराने १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे स्वतःला झोकून दिलं. त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि पुण्यतिथीला हार घालणारी माणसंही आहेत.

गिरगाव चौपाटीवर दोन स्मारकं हाकेच्या अंतरावर आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि त्यांना स्मशानात नव्हे, या वाळूत अग्नी दिला गेला. पुतळा १९३३ मध्ये आला. दुसरं स्मारक पोलीस उपनिरीक्षकाच्याही खालच्या हुद्द्याचं. साताऱ्याकडच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. २६/११च्या रात्री नाकाबंदीत त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला शास्त्रज्ञांनी ‘इसियस तुकारामी’ असं नाव दिलं. त्या कोळ्याला कोणी हार घालणार नाही, पण त्याला उड्डाणपुलासाठी हलवताही येणार नाही.

हार घालायला येणाऱ्यांची गोष्ट दादरच्या किनाऱ्यावर येऊन वेगळीच होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर इथे अंत्यसंस्कार झाले. सरकारने इथे काही बांधलं नव्हतं. बाबासाहेबांचे चिरंजीव भैयासाहेब आंबेडकर यांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली, गावोगावच्या वस्त्यांतून पैसा जमला, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते स्तूपाचं उद्घाटन झालं. आकाराने तो लहानच आहे. जवळच, इंदू मिलच्या, म्हणजे पुन्हा एका बंद गिरणीच्या जागेवर साडेतीनशे फुटी पुतळ्याचं सरकारी स्मारक उभं राहत आहे. त्याचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. लाखो लोक मात्र साठ-सत्तर वर्षं कोणाची वाट न पाहता त्यांच्या पुण्यतिथीला, ६ डिसेंबरला येतच आहेत. रात्रभर रांगेत उभे राहतात, आणि बाहेर पडले की शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांच्या स्टॉलवर जातात. संविधानाची प्रत, बाबासाहेबांची भाषणं, नव्या वर्षाचं कॅलेंडर, गाण्यांच्या पुस्तिका. मराठी प्रकाशकांना विचारलं तर वर्षातल्या या दोन-तीन दिवसांची विक्री ते अदबीने सांगतात. गेल्या काही वर्षांपासून तिथल्याच तरुणांनी आणखी एक रीत पाडली आहे. हार-फुलं, मेणबत्त्या आणू नका, एक वही आणि एक पेन आणा. संध्याकाळपर्यंत वह्यांचे ढीग लागतात, मग त्या मोजून, गठ्ठे बांधून गरजू विद्यार्थ्यांसाठी पाठवल्या जातात.